लोखंडाचा नवस

निर्मळ,
रविवार दुपार

प्रिय भाविका,

काल संध्याकाळीच आपण फोनवर बोललो, आणि आज हे पत्र हातात पडल्यावर तू म्हणशील, आईला झालं तरी काय. काही झालेलं नाही. फोनवर तू भाकऱ्या थापत असतेस, फोन ओट्यावर मोठ्या आवाजात ठेवलेला असतो आणि शेजारी तुझ्या सासूबाई भाजी निवडत बसलेल्या असतात. माझं बोलणं कमळीबाईंच्या कानावर गेलं तर मला चालतं, पण अर्धंमुर्धं गेलेलं चालत नाही. मध्येच कुकरची शिट्टी होते, खुशी रडते, आणि माझ्या वाक्याचं शेपूट तेवढं त्यांना ऐकू येतं. कागदावर तसं होत नाही. तुझे अल्पेशराव सातिवलीहून गोडाऊन बंद करून आज इकडून केळी घेऊन जाणार आहेत, त्यांच्याच हातात हे देईन. वाटेत वाचलंत तरी माझी हरकत नाही, असंही सांगेन.

इकडचं सगळं बरं आहे. मोगऱ्याला कळी धरायला लागली आहे. सोनचाफ्याला या दिवसांत फूल कमी, पण अबोली भरपूर आहे. विहिरीवरचा पंप मात्र अजून तुझ्या बाबांच्याच हाताला ओळखतो. विपुलने चालू केला की दोनदा बंद पडतो, मग तिसऱ्यांदा ऐकतो. विपुल त्याला शिव्या देतो आणि ऋतिका खिडकीतून सांगते की बायकोशी बोलतोस तसं गोड बोलून बघ. घरात हसणं आहे, हे तुला कळावं म्हणून लिहिलं. तू फोनवर मला दर वेळी विचारतेस, आई, रडत नाहीस ना. नाही रडत. तुझे बाबा गेल्याचं दुःख आता मला मध्येच गाठून खाली बसवत नाही. ते सकाळी माझ्याबरोबर उठतं, वाडीत येतं, माझ्याबरोबर जेवतं. आमचं दोघांचं बरं चाललं आहे.

मी अजून वाचते, हेही तुला सांगायला हवं. सातवीनंतर वटारच्या शाळेतून मला काढलं, तेव्हा मला वाटलं होतं की पुस्तकाशी संबंध संपला. मग तू शाळेत जायला लागलीस आणि तुझी पुस्तकं घरात आली. तुझं आठवीचं विज्ञान मी तुझ्याआधी वाचून संपवलं होतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी तू मलाच विचारायचीस की आई, हे लस आणि रोगप्रतिकारशक्तीचं काय आहे गं, नीट सांग. मी गजरे बांधता बांधता तुला सांगायचे की शरीराला आधी चोराचा फोटो दाखवून ठेवायचा, म्हणजे चोर आल्यावर ते ओळखतं. तू ते जसंच्या तसं पेपरात लिहून आलीस आणि बाईंनी त्यावर बरोबरची खूण केली. बाबा सगळ्यांना सांगत फिरले, आमच्या घरात दोघी आठवीत आहेत.

आज मला ते आठवलं ते उगाच नाही.

तुझ्या लग्नानंतरची ती वर्षं मी विसरलेले नाही, बाय. दोनदा दिवस राहिले आणि दोनदा गेले. दुसऱ्या वेळी तुला दवाखान्यातून घरी सोडून तुझे बाबा परत आले ते थेट वाडीत गेले आणि अंधार पडेपर्यंत केळीची सुकी पानं काढत राहिले. पुढच्या मंगळवारी सकाळी म्हणाले, लुगडं बदल, देवीकडे जायचंय. तुझे बाबा काही देवदेव करणारे नव्हते. वर्षाला एकदा जत्रेत नारळ ठेवला की त्यांचा आणि गावदेवीचा हिशेब संपायचा. पण त्यांच्या घरात एक चाल होती. आधीची मुलं गेल्यावर जे मूल जगेल, त्याच्या अंगाला पाच वर्षं लोखंड लावायचं नाही. वस्तरा नाही, कात्री नाही, कान टोचणं नाही. पाचव्या वर्षी देवीपुढे जावळ काढायचं आणि मग ते मूल इतर मुलांसारखं. तुझे बाबा स्वतः तसेच वाढले होते. त्यांच्या आधीची दोन भावंडं गेली होती. पाच वर्षांचे होईपर्यंत दोन वेण्या घालून हिंडायचे आणि फुलं घ्यायला आलेल्या बायका त्यांना पोरगीच समजायच्या, हे ते मला लग्नानंतर लाजत लाजत सांगत.

तर त्या मंगळवारी आम्ही देवळात गेलो. जयराम भगत होता. तुझ्या बाबांनी नारळ ठेवला आणि म्हणाले, "बाय, माझ्या भाविकाच्या मांडीवर मूल दे. पाचव्या वर्षी तुझ्यापुढे त्याचं जावळ काढीन. तोवर त्याच्या अंगाला लोखंड लागू देणार नाही." मी मागे उभी होते. जयराम माझ्याकडे वळून म्हणाला, "वहिनी, लांब काय उभ्या राहता? त्यांच्या हाताला हात लावा. नाहीतर नवस एकट्याचा होतो." मग मी पुढे झाले आणि त्यांच्या कोपराला हात लावला. ते परत तेच शब्द बोलले. अंघोळ करून आले होते तरी कोपराला थोडी माती राहिलेली होती.

खुशी झाली तेव्हा आपण सगळ्यांनी तो नवस आनंदाने पाळला. दुपट्याला पिन नाही, नाडीची गाठ. पायात चांदीचे वाळे, लोखंडाची साखळी नाही. नखं तू तुझ्या दातांनी कातरायचीस. दवाखान्यात जन्मल्याबरोबर द्यायची टोचणी होती तिला आपण नको म्हटलं. नाळ कापायला कात्री लागली होतीच, तेव्हा तुझ्या सासूबाईंनी निवाडा दिला होता की नाळ तुटेपर्यंत पोर आईच्या अंगाचं, म्हणून कात्री लागली ती आईला. मी मनात म्हटलं, ही बाई कोर्टात उभी राहिली असती तर गाव जिंकलं असतं. पोलिओचे थेंब चालले, कारण थेंबाला लोखंड नाही. तुझे बाबा खुशीला उचलण्याआधी कंबरेचा कोयता काढून माडाच्या खाचेत अडकवून ठेवायचे, मग हात धुवायचे, मग तिला घ्यायचे. सुईचा विचार त्यांनी केला नव्हता. मीही केला नव्हता. लहान आहे, पुढे बघू, असं सगळेच म्हणत होते. मग आषाढात ते वाडीतच कोसळले आणि पुढे बघायला राहिले नाहीत. खुशी तेव्हा नुकती रांगायला लागली होती, आता तीन वर्षांची झाली.

त्यांच्या तेराव्याला तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "बाबांचा नवस मी पुरा करीन. त्यांचा एक शब्द खाली पडू देणार नाही." सगळे रडले. मीही रडले, आणि मला तुझा अभिमान वाटला. तो अजून वाटतो. तू त्यांच्यासारखीच आहेस, एकदा धरलं की सोडत नाहीस.

आता त्या शुक्रवारचं बोलते. मी केळी घेऊन तुमच्याकडे आले, तेव्हा फाटकातून आरोग्य केंद्रातली सिस्टर रोझमेरी बाहेर पडत होती. तुला माहीत आहे, ती आपल्याच निर्मळची, तिच्या आईने आणि मी एकाच पाटाचं पाणी वाटून घेतलेलं. तिने तुमच्याबद्दल वाईट काही सांगितलं नाही. फक्त थांबून म्हणाली, "मथुराताई, मी पुन्हा येईन. पण गोवर काही माझ्यासाठी थांबणार नाही." मग मला कळलं की अल्पेशरावांच्या गोडाऊनमागच्या खोल्यांमध्ये कामगारांच्या मुलांना गोवर निघाला आहे. त्यातली एक लहान मुलगी छातीत कफ भरून दवाखान्यात आहे, श्वासाला त्रास होतोय. अल्पेशराव रोज त्याच आवारात जातात, त्याच मुलांच्या बापांबरोबर माल उतरवतात, आणि काम सुटलं की ती मुलं गोडाऊनच्या पडवीत खेळायला येतात. तू त्याआधी मला हौसेने सांगत होतीस की खुशीला तिच्या बाबांबरोबर गोडाऊनला जायला फार आवडतं, तिथे तिला मैत्रिणी मिळाल्या आहेत.

ओटीवर हरेश्वर व्याही पावट्याच्या शेंगा सोलत होते. मी बसले आणि विषय काढला. मला वाटलं होतं भांडण होईल. झालं नाही. कमळीबाई म्हणाल्या की गोवर हा देवीचा पाहुणचार आहे, देवी येते आणि आपल्या पायांनी जाते, तिला सुई दाखवली की ती कोपते. "आमचे घरात देवी आली का आमी सुईत दोरापन ओवीत नाय, विहीनबाय. तुमी टोचाला सांगता?" मी त्यांना हसले नाही. आपल्याकडेही गोवर-कांजिण्यांत फोडणी बंद असते, दाराला कडुलिंब लागतो, केस विंचरत नाहीत. मी ते सगळं तुझ्या वेळी केलं आहे. पण तुला त्याआधी टोचलेलं होतं, आणि तुला जो गोवर आला तो अंगावर ठिपके उमटवून चार दिवसांत गेला.

मग हरेश्वर व्याही शेंग हातातच धरून म्हणाले, "नवस तुमचे घरचा. बोलनारा मानूस तर गेला. आता तो सोडवील कोन? आमी तुमच्या मानसाचा शब्द सांभाळतोय, आनि तुमीच मोडाला सांगता?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते खरंच तुझ्या बाबांचा मान राखत होते. अल्पेशराव दाराशी उभे होते. ते एकदा बापाकडे बघायचे, एकदा माझ्याकडे, आणि मग खाली चपलांकडे. मी चहा प्यायले आणि आत तुझ्याकडे आले.

तू काय म्हणालीस ते मी घरी येईपर्यंत मनात धरून ठेवलं होतं. खुशी माझ्या पिशवीत हात घालून केळं ओढत होती, तिचे ते कमरेपर्यंत येऊ घातलेले केस तू लाल दोऱ्याने बांधले होतेस. तू तिच्याकडे बघत हळू आवाजात म्हणालीस, "आई, मला पुस्तकातलं सगळं आठवतं. मला कळत नाही असं नाही. पण बाबांचा शब्द मी मोडला आणि पोरीला काही झालं, तर जन्मभर हे घर माझ्याकडे कसं बघेल? आणि मी स्वतःकडे कशी बघू?" मी काही बोलायच्या आत कमळीबाई पाणी घ्यायला आत आल्या, आणि तू लगेच विचारलंस, आई, मोगरा कधी सुरू होतोय.

रिक्षात बसले तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तुमचं घर आमचा मान म्हणून नवस पाळतं आहे. आम्ही तुमचं मूल, तुमचं घर म्हणून गप्प आहोत. तू बाबांसाठी पाळतेस. आणि जे नवस बोलले होते ते असते तर पहिल्या दिवशी उठून काहीतरी मार्ग काढला असता, कारण त्यांना खुशी हवी होती, नवस नको होता. सगळे एकमेकांसाठी थांबले आहेत आणि मध्ये ती पोर उभी आहे.

मला एक सोपी वाट दिसत होती, तीही तुला सांगते. तुझ्या बाबांच्या डाव्या दंडावर दोन गोल वण होते, जुन्या काळच्या टोचणीचे. इतकी वर्षं मी ते बघितले. म्हणजे नवसाच्या पोरालाही टोचलं होतं, असं मी तुमच्या ओटीवर ठणकावून सांगू शकले असते. पण ते त्यांना कधी टोचलं ते मला माहीत नाही. पाच वर्षांनंतर, शाळेत घालताना टोचलं असेल तर? विचारायला त्यांची आई नाही, ते नाहीत. जे मला माहीत नाही त्याच्या जोरावर मी तुला उभं करणार नाही. तसंच दुसरं. ऋतिका म्हणाली, आई, बाबांच्या मनात वस्तरा होता, सुई नव्हती, असं म्हणून मोकळं व्हा ना. खरंही असेल. पण ते लोखंड म्हणाले होते, आणि सुई लोखंडाचीच असते. देवीपुढे बोललेल्या शब्दाला मागच्या दाराने बाहेर काढायचं मला जमत नाही. काढायचं तर पुढच्या दाराने.

म्हणून मंगळवारी मी देवळात गेले. एकटी गेले. हातात नारळ, ओटीचे खण-तांदूळ आणि आपल्या वाडीतली अबोली. जयराम मला बघून पायरीपर्यंत आला आणि म्हणाला, वहिनी, खाली थांबा, ओटी माझ्याकडे द्या, मी ठेवतो. त्याचा हेतू वाईट नव्हता. नवरा गेलेल्या बाईने ओटी भरायची नाही, हे त्याने त्याच्या बापाकडून घेतलं आहे. मी सांगितलं की मी ओटी भरायला नाही, नवसाचं बोलायला आले आहे. तो म्हणाला, कुठला नवस, भालूशेटचा? तो आता त्या पोरीच्या पाचव्या वर्षापर्यंत तसाच राहणार, बोलणारा नाही तर बदलणार कोण.

मी वर चढले. त्याला विचारलं, "जयराम, तो नवस बोलताना माझा हात कुठे होता?"

त्याला आठवत होतं, कारण तोच बोलला होता. म्हणाला, त्यांच्या हाताला. मी विचारलं, मला कोणी सांगितलं होतं लावायला? तो डोकं खाजवायला लागला. म्हणाला, "वहिनी, पण तेव्हा तुम्ही सवाष्ण होतात." मी म्हटलं, "मी विधवा झाले. शब्द नाही झाला. दोघांनी बोललेल्या नवसातला एक गेला, दुसरी तुझ्यासमोर उभी आहे. माझा हात लागल्याशिवाय नवस एकट्याचा होतो असं तूच म्हणाला होतास. मग लागल्यावर तो दोघांचा झाला ना?" गाभाऱ्याबाहेर दोन बायका बसल्या होत्या, त्या वाती वळायच्या थांबल्या. जयरामने त्यांच्याकडे बघितलं, देवीकडे बघितलं आणि बाजूला झाला. पण बाजूला होता होता त्याने खरं तेच विचारलं. म्हणाला, परत घ्याल, पण त्याच्या जागी तिला काय द्याल? रिकाम्या हाताने शब्द परत घेता येत नाही.

ते मी घरूनच ठरवून गेले होते. मी देवीला सांगितलं, "बाय, खुशीचं जावळ पाचव्या वर्षी तुझ्यापुढेच निघेल, तो शब्द आहे तसा आहे. लोखंडाची अट मी तिच्या अंगावरून काढून घेते आणि माझ्यावर घेते. खुशीला पाच वर्षं पुरी होईपर्यंत मी कोयता, विळी, कात्री, फुलांची सुई हातात धरणार नाही. कापणारं आणि टोचणारं लोखंड माझ्या हातात येणार नाही. डॉक्टरची सुई यात नाही, हे आधीच सांगून ठेवते. मागच्या वेळी सांगायचं राहिलं होतं." हे शेवटचं ऐकून जयराम हसला. मग त्याने माझ्या हातातून नारळ घेतला, फोडला, आणि माझं सगळं बोलणं त्याच्या ठेक्यात मोठ्याने गाऱ्हाण्यात म्हटलं, डॉक्टरच्या सुईसकट. ओटी मात्र मीच भरली. देवीने काही केलं नाही. दिवा जळत होता तसाच जळत होता.

तू म्हणशील, आई, तू एवढी वाचलेली बाई, तुला हे करायची काय गरज होती. बाय, मी देवीला मानते, म्हणूनच मला तिची भीती वाटत नाही. जिच्याकडे मूल मागायला गेलो, तिलाच ते मूल आजारी पडलेलं हवं असेल, हे माझ्या डोक्यात बसत नाही. पण मी एकटी जगत नाही. तुझी सासू आहे, सासरे आहेत, तुमच्या आळीतली माणसं आहेत. त्यांना पुस्तक दाखवून मी जिंकले असते तरी त्यांच्या मनात ते राहिलं असतं, आणि ते ओझं तुझ्या डोक्यावर आलं असतं. आता ज्यांना नवस मोडण्याची भीती आहे त्यांना सांगता येईल की नवस मोडलेला नाही, मथुरेने स्वतःवर घेतला आहे. रिकाम्या शब्दाने नाही. पाळून.

आणि पाळते आहे हो. पहिले दोन दिवस हात आपोआप विळीकडे जायचा. आता भाजी ऋतिका कामावर जायच्या आधी चिरून ठेवते, आणि मला ऐकवते की नवस सासूचा आणि विळी सुनेची. पालेभाजी मी हाताने खुडते, भोपळा दगडावर आपटून फोडते, त्याची चव वेगळी लागते असं विपुलचं म्हणणं आहे. केळीचे घड तो उतरवतो. गजऱ्याला सुई नाही, म्हणून केळीचं सोपट, म्हणजे खोडाच्या सालीचा दोरा, भिजवून त्यात फुलं गाठीने बांधते, वटारला माझी आई बांधायची तसे. हात अजून सावकाश चालतो. फुलवाला म्हणाला, मावशी, हे गजरे जास्त टिकतात, असेच द्या. बघ, देवीने माझ्याकडून काही घेतलंही नाही.

गुरुवारी अल्पेशराव वाडीत आले होते. तुला सांगितलं नसेल. बांधावर बसले. ती गोडाऊनमागची मुलगी वाचली आहे, पण अजून तिला धाप लागते, दोन पावलं चालली की बसते, असं म्हणाले. मग म्हणाले, "आई, मी खुशीला घेऊन येतो. आमच्या दादांना मी सांगीन. पण भाविका हो म्हणाली पाहिजे. तिच्या मनाविरुद्ध मी तिच्या मांडीवरून पोर उचलणार नाही." मला जावई म्हणून त्यांचं तेव्हा फार बरं वाटलं. म्हणजे आता कोणी अडवत नाही, बाय. सगळे तुझ्या एका शब्दासाठी थांबले आहेत.

येत्या बुधवारी आपल्या इथल्या उपकेंद्रात टोचणीचा दिवस आहे. रोझमेरीशी मी बोलले आहे, खुशीचं जे जे राहिलं आहे ते ती क्रमाने करून घेईल, पहिलं गोवराचं. आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. टोचल्यावर पोरीला ताप येऊ शकतो. दंड सुजेल. आठवड्याभरानंतर अंगावर कदाचित थोडे ठिपकेही उठतील, तसं होतं, ते दोन दिवसांत जातं, रोझमेरी सांगेलच. पण त्या रात्री घरात कोणीतरी म्हणणार की बघा, देवी कोपली, भाविकाने बापाचा शब्द मोडला. फोनवर बोललेलं तेव्हा कोणाला दाखवता येत नाही. म्हणून मी हे माझ्या हाताने लिहून देते. हरेश्वर व्याह्यांना आणि कमळीबाईंना हे मोठ्याने वाचून दाखव, सगळं, एकही ओळ न गाळता. कमळीबाईंना दाराला कडुलिंब लावायचा असेल तर लावू दे, फोडणी बंद ठेवायची असेल तर ठेवू दे, त्याने पोरीचं बरंच होईल. पण दोष द्यायची वेळ आली तर तो तुझ्या नावाने नको. नवस बोलताना माझा हात होता, फिरवतानाही माझाच आहे, आणि खुशीच्या अंगावर जे काही उठेल, उतरेल, ते मी, मथुरा भालचंद्र राऊत, माझ्या नावावर घेते. तू फक्त तिला मांडीवर घट्ट धरून बस. सुई जाताना ती रडेल, आणि त्या वेळी तुझ्या मनात बाबा येऊन उभे राहिले, तर घाबरू नकोस. त्यांना माझ्याकडे पाठव. त्यांच्याशी काय बोलायचं ते मी बघते.

बुधवारी वाट बघणारी, तुझीच
आई